नाव घातलेला हंडा

समाजसेवकाच्या बायकोला लोक नशीबवान समजतात. मलाही समजायचे. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "तुमचे गुरुजी म्हंजी सोन्यासारखा माणूस." सोनं पेटीत कुलूपबंद ठेवतात. आमच्याकडं सोनं गावभर हिंडत होतं आणि कुलूप मला होतं. पण हे बायांना सांगायची सोय नव्हती, कारण बायांशी फार बोललेलंही घरात चालत नसे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही हिंगोलीत राहत होतो. हिंगोली जिल्हा व्हायला अजून पुष्कळ अवकाश होता, सगळी सरकारी कामं परभणीला. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर. मी कुरुंद्याची, शेतमजुराची लेक, सातवी पास. लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे. तोंडावर जन्मभर 'तुमी' म्हणत आले, तेवढं पुरे झालं.

शाळा सुटली की तो सायकल काढायचा. कुणाच्या पोराला वसतिगृहात जागा पाहिजे, कुणाला दाखला पाहिजे, कुणाच्या घरी भावाभावांची भांडणं, सगळीकडं हा हजर. विहारासमोरच्या पटांगणात दर वर्षी सामुदायिक लग्नं लावायचा. हुंडा नाही, मानपान नाही, पांढरी वस्त्रं, वंदना, आणि गरिबाच्या लेकीला संसाराची चार भांडी. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते तरी लोकांची घरं सावरली नव्हती, त्यामुळं अशा लग्नांचा आधार फार होता. कामाला मी नावं ठेवत नाही. काम चांगलंच होतं. माझा राग त्या कामावर कधीच नव्हता.

राग कशाचा ते सांगते. बांगड्यांचं घ्या. आमच्याकडं बायका कासाराकडून बांगड्या भरून घेतात. कासार हात धरतो, दाबतो, बांगडी चढवतो. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी दारात बसून बांगड्या भरून घेत होते आणि हा शाळेतून आला. कासारासमोर काही बोलला नाही. रात्री जेवताना म्हणाला, "परक्या माणसाच्या हातात हात देऊन हसत व्हतीस." त्या दिवसापासून कासार बंद. बांगड्या तो स्वतः आणायचा, माप न घेता. त्या चढवताना निम्म्या फुटायच्या आणि मनगटाला काचा लागायच्या. मग म्हणायचा, "नीट घालता येत न्हाई का?" असं म्हणून पायात चपला सरकवायचा आणि स्त्रियांच्या हक्कावर भाषण द्यायला जायचा.

बाजार तो करायचा. माहेर वर्षातून एकदा, तेही त्यानं नेऊन सोडायचं आणि त्यानंच आणायचं. घरी लोक आले की मी पडद्याच्या आत. चहा पडद्यापर्यंत. मधल्या सुट्टीत तो अचानक घरी यायचा आणि 'कोण आलतं?' असं विचारायचा. कुणी आलं नव्हतं म्हटलं तरी समाधान व्हायचं नाही, कारण खरं-खोटं सांगायला घरात दुसरं माणूस होतं.

ते माणूस म्हणजे आक्का, त्याची थोरली बहीण. पुसेगावच्या सासरी पटलं नाही म्हणून लवकरच माघारी आलेली. आई गेल्यावर तिनंच भावाला वाढवलं, हे खरं. पण वाढवून झाल्यावर सोडून द्यायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं नाही. घरच्या किल्ल्या तिच्या कमरेला. तेल किती घ्यायचं, दिवा कधी विझवायचा, मी नवऱ्याला ताट वाढायचं की तिनं, सगळं ती ठरवायची. तो घरी आला की माझ्या आधी ती दारात. "आज खिडकीत लई येळ हुबी व्हती." "आज शेजारणीसंगं खिदळून राहिली व्हती." मी चुलीजवळ बसून माझ्याच दिवसाची हकीकत ऐकायची. कधी कधी तर मला नवीन काही कळायचं.

आता भांड्यांकडं येते. माझ्या लग्नात माहेरून तांब्याचा हंडा, पितळेची परात आणि दोन पातेली आली होती. आईनं त्यासाठी हळदीच्या हंगामात लोकांच्या शेतात मजुरी केली होती, हळद काढायला, वेचायला आणि शिजवायला. हंगाम संपला तरी तिच्या तळहाताचा पिवळा रंग जात नसे. भांडी घेतल्यावर ती वसमतच्या बाजारात छिन्नी-हातोडी घेऊन बसणाऱ्या माणसाकडं गेली. आमच्याकडं आंदणाच्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे. सहसा बापाचं, मामाचं, सगळ्या खानदानाचं नाव घालतात. आईनं फक्त माझं नाव घालायला लावलं आणि खाली एक शब्द, 'आईकडून'. बाप कुरकुरला तेव्हा म्हणाली, "हळद म्या येचली." हे तिनं मला स्वतः हसत हसत सांगितलं होतं.

लग्न होऊन आले त्या आठवड्यात आक्कांनी ती भांडी पेटीत घातली आणि पेटीला कुलूप लावलं. रोजच्याला जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, भांडी होतीच. मीही काही म्हटलं नाही. पेटीत असली तरी माझीच आहेत, असं मला वाटायचं.

त्या वर्षीच्या लग्नांना एका दुकानदारानं भांडी द्यायचं कबूल केलं आणि ऐनवेळी अंग काढून घेतलं. हे मला नंतर कळलं. मी सकाळपासून मांडवामागं बायकांबरोबर पोळ्या लाटत होते. मांडवाच्या कापडाला एक फट होती, तिच्यातून समोरचं दिसायचं. नवरदेव ओळीनं उभे होते आणि माझा नवरा त्यांच्याकडून एकेक वचन म्हणवून घेत होता. बायकोचा मान राखीन. तिचा अपमान करणार नाही. घरातला कारभार तिच्या हाती देईन. खणखणीत आवाज होता त्याचा, मागं चुलीपर्यंत ऐकू यायचा. पोरं त्याच्यामागं म्हणत होती. मग टाळ्या झाल्या, आणि भांडी वाटायला सुरुवात झाली, आणि शेवटच्या नवरीच्या हातात त्यानं माझा हंडा दिला.

मला दुरून ओळखायला अक्षरांची गरज नव्हती. काठाजवळ एक पोचा होता, तो मला अंधारातही हाताला लागला असता. हंड्यामागून परात गेली. आक्का शेजारी उभ्या राहून एकेक भांडं पुढं करत होत्या. माझ्या हातात लाटणं होतं. शेजारची बाई म्हणाली, "वहिनी, पोळी फाटली." मी दुसरा गोळा घेतला.

घरी आल्यावर मी विचारलं. त्याला खरंच नवल वाटलं. "भांडी कमी पडली. आता काय लेकराला मोकळ्या हातानं धाडायचं व्हतं? आपलंच हाय की समदं. तुझं-माझं काहून करून राहिलीस?"

"मला इचारायचं तर व्हतं."

"तू न्हाई म्हनली असतीस का?"

तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "तुला कुठं भाईर जायचंय पान्याला? हंडा काय घरात डोक्यावर घिऊन मिरवतीस?"

बघा आता. मला बाहेर जाऊ द्यायचं नाही, आणि बाहेर जात नाही म्हणून हंड्याची गरज नाही. हा हिशोब ऐकून माझ्या अंगाचा भडका उडाला. तुझं-माझं करू नये म्हणणारा हाच माणूस कासारानं मनगट धरलं तर 'माझी बायको' म्हणून पेटायचा. माझं ते सगळ्यांचं आणि मी मात्र एकट्या त्याची. पण त्या दिवशी मला एवढं सरळ बोलता आलं नाही. मी चूल पेटवली आणि स्वयंपाकाला लागले.

पुढं थोडे आठवडे गेले. एका दुपारी, रविवार असावा, कारण तो घरी होता, एक बाई दारात आली. त्या शेवटच्या नवरीची आई, आमच्याच वस्तीच्या पलीकडं राहणारी. मागं पायरीवर ती पोरगी बसलेली, मांडीवर माझा हंडा, बाजूला परात. हंड्यावरची अक्षरं तिनं पदरानं झाकून घेतली होती. मी पडद्याआड उभी राहून ऐकत होते.

झालं होतं असं. पोरगी आमच्याकडच्याच गोरेगावला दिलेली. लग्नाच्या गडबडीत भांड्याकडं कुणी पाहिलं नाही. सणाला सासूनं हंडा चिंच लावून घासायला काढला, तशी काळी पडलेली अक्षरं उजळली. नवरदेवाला वाचता येत होतं. त्यानं वाचलं, तर नाव भलत्याच बाईचं. परातीवरही तेच. घरात कालवा झाला. ही भांडी कुणाची? दानात आली तर कोरी यायला पाहिजेत. मग चोरीची असणार. सासरा म्हणाला, ज्याची भांडी त्याला देऊन या, मगच पोरगी घरात येईल. आणि लेकराला हंडा-परातीसकट माघारी लावून दिलं.

"गुरुजी, तुमी नुस्तं येऊन सांगा," ती बाई हात जोडून म्हणत होती. "तुमच्या हातानं दिलेली हायेत. तुमी सांगितलं की मिटलं. लेकरू पाणीसुदिक पीत न्हाई."

नवरा बोलेना. मी बाहेर न बघताही त्याचा चेहरा सांगू शकले असते. भाषणात त्यानं सगळीकडं सांगितलं होतं की भांडी समाजानं दिली, कोरी करकरीत. आता बायकोच्या पेटीतली होती म्हणायचं म्हणजे पितळ उघडं पडणार. दिवसभर पोरांना अक्षरं शिकवणाऱ्या माणसानं देताना त्या हंड्यावरची अक्षरं वाचली नव्हती. की वाचली होती आणि ती पुसून टाकण्याच्या लायकीची वाटली, ते मला आजही माहीत नाही.

आक्का पुढं झाल्या. "आमी तर कोरा हंडा दिलता बाई. तुमच्याच घरी बदलला आसंल. पोरीला इचार नीट."

पायरीवरची पोरगी एकदम ताठ झाली. तिची आई बघतच राहिली. आणि माझा नवरा, बायकोचा मान राखीन म्हणून वचन घेणारा, म्हणाला, "चौकशी करतो. निरोप धाडतो."

त्या क्षणाला मला जो संताप आला, तसा त्याआधी कधी आला नव्हता. माझा हंडा गेला तेव्हाही नाही. एक लेकरू चोर ठरून संसारातून उठत होतं आणि या दोघांना आपलं नाव सांभाळायचं होतं. मी पडदा बाजूला केला आणि बाहेर आले.

"हंडा माझा हाय," मी म्हटलं. "परातबी माझी. त्याच्यावर माझं नाव हाय. ह्यांनी पेटीतून काढून दिलती."

"आत जा," नवरा म्हणाला.

"लेकराला चोर ठरवून मी आत बसू?"

"मी बघतो म्हनलं ना. आत जा."

आक्कांनी माझा दंड धरला. मी सोडवून घेतला. त्या बाईला म्हटलं, "चला, मी येते गोरेगावला. मीच सांगते."

तो उठून दारात आडवा आला. मारायला नव्हे, त्यानं मला कधी मारलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे. हळूच म्हणाला, "एकटी जायचं न्हाई. जीपमंदी माणसं असतात." पोरीचा संसार मोडायला आला होता, आणि याला जीपमधली माणसं दिसत होती.

"एकटी कुठं हाय? ह्या दोघी हायेत की," मी म्हटलं आणि त्याच्या हाताखालून बाहेर पडले.

नवऱ्याशिवाय जीपमध्ये बसायची माझी ती पहिलीच वेळ. आत दाटीवाटी, बाहेर धूळ. पोरगी हंडा मांडीवर घट्ट धरून बसली होती. मी तिचा पदर अक्षरांवरून काढला आणि म्हटलं, "झाकू नको. त्यात लपवायसारखं काही न्हाई." ती रडायला लागली. रस्ताभर मी मनात शब्द जुळवत होते. सोपं होतं. 'मीच दिली भांडी, खुशीनं दिली,' एवढं म्हटलं की पोरीचं काम होणार होतं. नवऱ्याचंही नाव राहणार होतं. एका वाक्यात सगळं झाकलं जात होतं. फक्त ते वाक्य खोटं होतं, आणि ते बोलायची पाळी माझ्यावर आली होती, ही चीड मला गोरेगाव येईपर्यंत जाळत होती.

गोरेगावला त्यांच्या अंगणात पाच-सहा माणसं जमली. सासू उंच, हाडापेरानं मजबूत, शेतात राबणारी बाई. तिनं मला आधी नाव विचारलं. मी सांगितलं. तिच्या लेकानं हंडा हातात घेऊन पुन्हा वाचलं आणि मान हलवली.

"लेकराला भाईर काढायच्या आधी हिंगोलीला एक माणूस धाडता येत नव्हता व्हय?" मी तिथंच सुनावलं. "चोर म्हनायची एवढी घाई?"

सासरा खाली बघायला लागला. सासू मात्र माझ्याकडंच बघत होती. म्हणाली, "ते चुकलंच आमचं. पन मला एक सांगा बाई. हे तुमच्या आईनं दिलेलं हाय. तुमी दिलं, का तुमच्याकडनं काढून घेतलं? बाईचा जीव अडकलेलं भांडं मी घरात ठेवायची न्हाई."

अंगणात सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. पोरीची आई तर डोळ्यांनीच विनवत होती, 'दिलं' म्हणा. वाटेत जुळवलेलं वाक्य जिभेवर तयार होतं. पण माझं लग्न झाल्यापासून 'तू दिलंस का' असं मला विचारणारी ती पहिली बाई होती. तिच्याशी खोटं बोलायला माझी जीभ उचलेना.

"तवा दिलं नव्हतं," मी म्हटलं. "मला न इचारता नेलं. मला लई राग आलता, अजून हाय. पन हिच्यावर न्हाई. आता देते. माझ्या हातानं देते."

सासूनं थोडा विचार केला. मग आडाकडं हात केला, भांडं रिकामं देऊ नये म्हणून. मी हंडा आडावर नेला, पोहऱ्यानं पाणी काढून काठोकाठ भरला, आणि पोरीच्या कमरेवर दिला. ओझ्यानं ती एका अंगाला कलली, मग सावरली आणि पाणी न सांडता घरात गेली. परात मी सासूच्या हातात दिली. चहा झाला. निघताना पोरगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "वहिनी, नाव खोडून घेऊ का?"

"खोडू नको," मी म्हटलं. "खाली जागा हाय. तुझं घाल."

परत येताना जीपमध्ये मला इतकं हलकं वाटत होतं की स्वतःचंच नवल वाटलं. आईला हे सांगायचं ठरवलं. पुढच्या वेळी कुरुंद्याला गेले तेव्हा सांगितलंही. ती आधी भांड्यांसाठी हळहळली, मग म्हणाली, "बरं केलंस, पन तुझ्या घरी काय झालं?"

घरी काय झालं, ते असं. दिवे लागायच्या सुमाराला मी पोचले. तो ओट्यावर बसला होता. आक्का दारात. शेजारपाजारच्या बाया आपापल्या उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. वाटेत मी ठरवलं होतं की त्याला सगळं नीट सांगायचं. सासूनं काय विचारलं, मी काय बोलले, पोरगी हंडा घेऊन कशी आत गेली. त्याचं नाव मी झाकलं नाही हेही सांगायचं, मग तो काय म्हणेल ते म्हणू दे. मला वाटत होतं, कितीही रागात असला तरी लेकराचं काय झालं हे तो आधी विचारेल. शेवटी लग्न त्यानंच लावलं होतं.

त्यानं मान वर केली. "जीपमंदी तुझ्या बाजूला कोन बसलं व्हतं?"

त्यानं पुन्हा विचारलं. आत जाऊन मी पाय धुतले आणि तांदूळ निवडायला घेतले. मागून आक्कांचा आवाज येत होता, पण शब्द कानात शिरत नव्हते.

संसार मोडला नाही. पोरं झाली, मोठी झाली. गोरेगावहून तक्रार परत आली नाही, तेवढ्यावरून मिटलं असेल असं त्यानं धरून घेतलं. त्या वर्षीच्या लग्नांची गोष्ट तो पुढं कितीतरी भाषणांत सांगायचा, दुकानदार फिरला तरी एकही लेक रिकाम्या हातानं गेली नाही म्हणून. लोक टाळ्या वाजवायचे. त्या पोरीचं पुढं काय झालं, हे त्यानं मला कधीच विचारलं नाही.